लोखंडी रस्ता आणि नाना शंकरशेट

नाना शंकरशेट हे नाव मला ठाऊक होते ते शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून. डोक्यावर पगडी, अंगात अंगरखा, आणि चित्राखाली दोन ओळी: मुंबईचे शिल्पकार, पहिल्या आगगाडीचे प्रवासी. परीक्षेत जोड्या लावताना हे नाव हमखास उपयोगी पडे. त्यापलीकडे या गृहस्थांशी आपले काही देणेघेणे असेल असे मला कधी वाटले नव्हते. ते देणेघेणे एके दिवशी आमच्या शेतातच उगवले.

आमचे गाव धुळे तालुक्यातले. मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये. या मार्गाची मागणी करता करता धुळ्यातल्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, तेव्हा आनंद आम्हालाही झालाच. पुढे एका सकाळी आप्पा, म्हणजे माझे आजोबा, कपाशीला पाणी द्यायला गेले, तो शेतातून ओळीने खुणेचे दगड रोवलेले. विहीर एका बाजूला, गोठा दुसऱ्या बाजूला. दगड कोणी रोवले, किती जमीन जाणार, उरलेल्या तुकड्यात जायचे कसे, हे सांगायला शिवारात कोणीही नव्हते. नोटीस निघाली होती. पण ती वर्तमानपत्रात, आणि आमच्या घरी वर्तमानपत्र येत नाही. न्हाव्याच्या दुकानात आप्पांच्या दृष्टीस ती पडली तेव्हा हरकत घेण्याच्या तीस दिवसांपैकी नऊ उरले होते.

आप्पांना रेल्वे नको होती असे नाही. त्यांचा राग एवढाच, की कोणी येऊन सांगितले नाही. हरकतीचा अर्ज लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसू लागलो आणि मनात प्रश्न आला, की या देशात पहिला लोखंडी रस्ता आला तेव्हा लोकांना कोणी आणि कसे सांगितले असेल? त्या शोधात पगडीवाले नाना पुन्हा भेटले, आणि या वेळी चांगलेच भेटले.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराणे दैवज्ञ, व्यापारात पुढे आलेले आणि मुंबईत स्थिरावलेले. १८२२ साली वडील वारले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. म्हणजे माझ्याच वयाचे! त्या वयात पेढीचा सारा कारभार अंगावर पडला. त्यांच्याविषयी एक गोष्ट सर्व चरित्रकार सांगतात. अरब, अफगाण असे परदेशी व्यापारी आपली रोकड बँकेत न ठेवता नानांच्या पेढीवर ठेवीत. परमुलखातला, परधर्माचा माणूस आपली पुंजी ज्याच्या हवाली करतो तो माणूस कसा असेल? मला वाटते, नानांचे पुढचे सारे आयुष्य म्हणजे ही पत त्यांनी कोणत्या कामांसाठी वापरली त्याचा हिशेब आहे.

पहिली पत त्यांनी शिक्षणासाठी वापरली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना निघालेल्या शाळा-मंडळीच्या कामात ते विशीतच पडले. एल्फिन्स्टन १८२७ साली मुंबई सोडून गेला; त्याच्या नावाने निधी जमला आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन विद्यालय उभे राहिले, त्यात नानांचा मोठा वाटा होता. हे सर्वश्रुतच आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो १८४७ च्या सुमाराचा वाद. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा सारा ओढा इंग्रजीकडे. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणणारे आणि साहेबांत वावरणारे. तरी ते देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. विद्या मूठभरांकडून झिरपत खाली यावी हे त्यांना मान्य नव्हते. ती लोकांना त्यांच्याच भाषेत मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. या वादाची आठवण मला पुढे एका वेगळ्याच जागी झाली, ती येईलच.

दुसरे प्रकरण सोनापूरचे. गिरगावाजवळची ही स्मशानभूमी तेथून हलवून शिवडीला न्यावी, असा सरकारी बेत होता. कागदावर बेत सोपा. पण गिरगाव कोठे आणि शिवडी कोठे! खांद्यावर प्रेत घेऊन ते अंतर चालायचे कोणी? ज्याच्या घरी गाडीघोडे आहे त्याने नव्हे, गरिबाने. नानांनी हा प्रश्न हाती घेतला, सरकारशी लढवला आणि स्मशान जागेवर राखले. वाडेवाल्या शेटजीने शेजारच्या स्मशानासाठी भांडावे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. लोकांच्या हे ध्यानात राहिले असणार, की हा माणूस सरकारच्या दिवाणखान्यात बसतो खरा, पण तेथे आपली बाजू सोडत नाही. २६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या कामात ते अग्रभागी होते आणि कंपनीच्या कारभाराविरुद्धची गाऱ्हाणी त्या संस्थेने थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत नेली. १८५७ च्या धामधुमीत तर खुद्द नानांवरच बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय घेतला गेला. त्यातून ते निर्दोष सुटले. पण सरकारचा त्यांच्यावरचा विश्वास किती पातळ होता ते दिसले.

आता आगगाडी. १८४३ मध्ये जॉर्ज क्लार्क नावाच्या इंजिनिअरने मुंबईपासून कुर्ला, ठाणे आणि पुढे घाटांपर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना मांडली. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी ती उचलून धरली; त्यात सर जमशेटजी जीजीभाई होते आणि नाना होते. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनी रीतसर स्थापन झाली आणि नाना तिच्या संचालकांत बसले. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ मातीची पहिली कुदळ पडली. भांडवल बहुतेक विलायतेतले, त्यावर पाच टक्के व्याजाची हमी, आणि ती हमी हिंदुस्थानच्या तिजोरीतून. जमीन कंपनीला फुकट. सौदा कोणाच्या फायद्याचा होता हे निराळे सांगायला नको. पैसा विलायतेचा, इंजिने विलायतेची, इंजिनिअर विलायतेचे. जी गोष्ट जहाजातून आणता येत नव्हती ती एकच: येथल्या लोकांचा भरवसा.

आणि भरवसा तर मुळीच नव्हता. बैल नाही, घोडा नाही आणि गाडी धावते, म्हणजे आत काहीतरी भूतपिशाच्च असलेच पाहिजे. पुलाच्या पायात लहान मुले पुरतात. गाडीत बसले की आयुष्य घटते. अशा आवया गावोगाव उठत. आज आपण त्यांना हसतो. मला आता हसू येत नाही. आमच्या गावातसुद्धा दगड रोवल्यावर आठ दिवसांत काय काय उठले म्हणून सांगू! सगळा गाव उठणार, विहिरी बुजवणार, एका पैचाही मोबदला मिळणार नाही. जेथे कोणी सांगत नाही तेथे आवई सांगते.

नानांनी या आवयांना उत्तर कसे दिले? व्याख्याने देऊन नव्हे, निदान माझ्या वाचनात तसे आलेले नाही. त्यांनी आपल्या वाड्याच्या आवारात रेल्वेच्या कचेरीला जागा दिली. याच वाड्यात त्यांनी मुलींच्या शाळेलाही जागा दिली होती, तीही त्या काळात लोकांना विपरीत वाटणारीच गोष्ट. ज्या उंबरठ्यावर लोक ठेवी ठेवायला आणि गाऱ्हाणी सांगायला येत, त्याच उंबरठ्याशी आगगाडीची कचेरी आली. मग १६ एप्रिल १८५३ रोजी, शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, बोरीबंदराहून पहिली गाडी ठाण्याकडे निघाली. एकवीस तोफांची सलामी झाली, गाडीत चारशे पाहुणे होते. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड मात्र नव्हते. ते हवा खायला डोंगरावर निघून गेले होते. नाना गाडीत होते. एकवीस मैलांच्या त्या वाटेवर माणसे गच्चीगच्चीवर दाटली होती. त्यांनी इंजिन पाहिले तसे आत बसलेले ओळखीचे चेहरेही पाहिले असतील. पुढे थोड्याच दिवसांत जमशेटजींनी आपल्या कुटुंबासाठी ठाण्यापर्यंत स्वतंत्र गाडीच ठरवली. शेटजींची बायकामुले जाऊन सुखरूप परत येतात, हे शंभर जाहीरनाम्यांपेक्षा मोठे उत्तर होते. दुसऱ्याच वर्षी, १८५४ साली, कृष्णशास्त्री भाटवडेकरांनी लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन हे पुस्तक मराठीत लिहिले. म्हणजे मराठीत सांगणारेही निघाले.

येथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हे चरित्र गोड झाले असते. पण नानांचा हात जेथवर पोचला तेथवरच पोचला, हेही नोंदवले पाहिजे. मुंबईच्या शेटसावकारांना, भटभिक्षुकांना, कारकुनांना त्यांचा शब्द पुरेसा होता. खंडाळ्याच्या घाटात सुरुंग लावणाऱ्या हजारो मजुरांकडे कोणी नाना गेला नाही. तेथे पटकीने माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. आणि जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगा उसळला, त्यात एक युरोपियन मारला गेला. ज्यांची शेते रुळांखाली गेली त्यांचीही तीच गत. १८५७ साली साऱ्या ब्रिटिश मुलखासाठी भूसंपादनाचा कायदा झाला, १८९४ साली दुसरा झाला. पण मुळात जमीन घेऊच नका, ही हरकत ऐकून घेण्याची तरतूद आली ती १९२३ च्या दुरुस्तीने. रूळ आधी आले आणि कान सत्तर वर्षांनी!

आमच्या खानदेशात हे रूळ १८६० नंतर आले. चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असे करीत ते वऱ्हाडाकडे गेले. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटाचा दुवा जोडला गेला आणि मुंबईत बसलेला माणूस भुसावळला उतरू लागला. त्या वेळी अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव होता. जळगाव तेव्हा लहान गाव. रुळांनी तेथे कापूस आणला, कापसाने व्यापारी आणले, पुढे गिरणी आली. धुळे जिल्ह्याचे मुख्य ठाणे असूनही रूळ दूरच राहिले. चाळीसगावहून फाटा आला तो १९०० साली. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा जळगाव हे पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे होऊन बसले होते. माझा मामा जळगावचा. तो अजूनही धुळ्याच्या रेल्वेवरून आम्हाला चिडवतो. रूळ कोठून न्यावेत हे त्या वेळी खानदेशातल्या कोणाला विचारले असेल असे मला वाटत नाही.

नानांना खानदेशचे हे रूळ थोडेच दिवस लाभले. १८६१ च्या कायद्यानुसार मुंबईच्या कायदेमंडळात त्यांची नेमणूक झाली होती. ३१ जुलै १८६५ रोजी, मुंबई शेअरबाजाराच्या पडझडीत होरपळत असताना, ते निवर्तले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो पुरती सुरू झाली, तिच्या एका स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. तेथून दोन स्थानके पुढे त्यांचे गिरगाव. त्या स्थानकासाठी गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि तेथल्या बिऱ्हाडांना आपण परत कोठे आणि केव्हा येणार हे कळण्यासाठी बैठकांमागून बैठका कराव्या लागल्या.

मघाशी राहिलेली गोष्ट सांगतो. रेल्वेसाठी जमीन घेण्याचा जो कायदा आज आहे त्यात नोटीस दोन वर्तमानपत्रांत द्यावी असे म्हटले आहे, आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे. आप्पांनी वाचली ती नोटीस मराठीतच होती. मी तीनदा वाचली. गट नंबर, क्षेत्र आणि कलमे सोडली तर मला एक वाक्य कळले नाही, आणि मी मराठी घेऊन पदवीला बसलो आहे.

अर्ज मुदतीत गेला. सुनावणीच्या दिवशी आप्पा धुतलेले धोतर नेसून, टोपी घालून गेले. मी सातबारा घेऊन मागे. मोबदल्याविषयी ते काहीच बोलले नाहीत. त्यांना एवढेच हवे होते की रुळांखालून मोरी कोठे ठेवणार, आणि तीतून चाऱ्याची बैलगाडी जाईल की नाही. वरच्या साहेबांनी अर्जावर शिक्का मारून घेतला आणि पुढचे नाव पुकारले. आम्ही बाहेर आलो तो मोजणीच्या पथकातला एक तरुण मागून आला. तो आमच्याच भागातला निघाला. व्हरांड्यातच खाली बसून त्याने एका कोऱ्या कागदावर आमचे शेत, विहीर, गोठा आणि त्यांवरून जाणारी रेघ काढली, आणि मोरीची जागा अहिराणीतून समजावून सांगितली. ती जागा अजून पक्की नाही, हेही त्याने लपवले नाही. आप्पांनी दोनदा विचारून घेतले. मग कागदाची घडी केली आणि टोपीच्या आत ठेवली.