क्लबच्या मागच्या दारातून

मेंबर नाही, मेंबरचा पाहुणाही नाही. तरी साहेबांच्या मैदानावर रोज सगळ्यांच्या आधी पाऊल टाकणारा एक पोरगा पुण्यात होता. बाळू पालवणकर. आज टर्फ बुक करताना त्याची गोष्ट माहीत असायला हवी.

बिबवेवाडीत राहत असाल किंवा अप्परच्या बसने इथे कॉलेजला येत असाल, तर रात्री टर्फवर खेळणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. ग्रुपवर मेसेज पडतो, कुणीतरी स्लॉट बुक करतं, पैसे दहा-बारा जणांत वाटले जातात आणि ज्याने अजून पैसे दिलेले नसतात तोच सगळ्यांत आधी बॅट मागतो. पण पैसे भरले की फाटक उघडतं. आडनाव कुणी विचारत नाही.

सगळी मैदानं अशी नसतात. याच शहरात येरवड्याला गोल्फ कोर्स आहे. विमानतळाकडे जाताना ती हिरवळ तुम्ही पाहिली असेल. आत कसं जायचं, हा प्रश्न मनात आला असेल तर त्याचं उत्तर जगातल्या बहुतेक खासगी गोल्फ क्लबांत साधारण सारखंच मिळतं. पहिला रस्ता मेंबरशिपचा. जुन्या मेंबरने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, कमिटीने मान डोलवायची, शिवाय फी आणि वेटिंग लिस्ट. दुसरा, मेंबरचा पाहुणा म्हणून जाण्याचा. तिसरा, तुमच्या क्लबचं त्या क्लबशी संलग्नत्व असण्याचा. चौथा, एखाद्या स्पर्धेत उतरण्याचा. आणि पाचवा रस्ता कामाचा. दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन कॅडी म्हणून जायचं, जमेल तेव्हा चार फटके मारून बघायचे. दिल्लीचा अली शेर याच रस्त्याने आला. कॅडी होता, आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल ठरला.

हा पाचवा रस्ता पुण्यात सव्वाशे वर्षांपूर्वी एकाने चालून दाखवला. खेळ गोल्फ नव्हता, क्रिकेट होतं. आणि आडवं येणारं फाटक एक नव्हतं, दोन होती.

चार रुपये पगार

बाळूचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. घर चर्मकार समाजातलं, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. कुटुंब पुण्यात आलं तेव्हा इथला कॅम्प गोऱ्या पलटणींनी भरलेला होता. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. किट म्हणाल तर एवढंच.

पहिली नोकरी पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबवर. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, मधूनमधून मेंबरांना नेटमध्ये चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबवर गेला. एक रुपया वाढला. काम तेच, वर नेट बांधणं आणि टेनिस कोर्टवर चुन्याच्या रेघा मारणं.

इथे त्याचा डावा हात कामी आला. नेटमध्ये बोलर कमी पडायचे. एका साहेबाने सहज चेंडू हातात दिला आणि पोरगा संथ डावखुरी फिरकी टाकतोय, तीही टप्प्यावर, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. पुण्याच्या गोऱ्या संघाचा त्या वेळचा सर्वांत मोठा फलंदाज होता कॅप्टन ग्रेग. तो इतरांच्या तासभर आधी मैदानावर यायचा आणि बाळूला बोलिंग टाकायला लावायचा. असं सांगतात, की बाद केलंस तर दर वेळी आठ आणे, असा त्याने बाळूशी सौदा केला होता.

जरा हिशेब करा. सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे ग्रेगला आठ वेळा बाद केलं की महिन्याचा पगार सुटला. याहून चांगलं कोचिंग कुठल्या अकॅडमीत मिळतं? समोर प्रांतातला उत्तम फलंदाज, दिवस दिवस सराव आणि प्रत्येक विकेटला घरच्या पिठामिठाचा भाव.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या क्लबवर हजारो चेंडू टाकणाऱ्या बाळूच्या हातात कुणी बॅट दिल्याचं ऐकिवात नाही. बोलिंग म्हणजे घाम, म्हणजे नोकराचं काम. बॅटिंग साहेबाची. मैदानावर यायची मुभा होती, खेळ मात्र अर्धाच मिळत होता.

मैदानावर एक, चहाला दुसरा

साहेबांना फिरकीने गुंडाळणारा पोरगा आहे ही बातमी पुण्यातल्या हिंदू क्लबच्या कानावर गेली. त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि त्यासाठी बाळू हवाच होता. तरीही त्याला घ्यावं की नाही यावर वाद झाला. क्लबमधली तेलुगू मंडळी घ्या म्हणत होती. पुण्याची ब्राह्मण मंडळी बिचकत होती. शेवटी खुद्द ग्रेगनेच जाहीरपणे सांगितलं, की असा बोलर बाहेर ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा होईल. प्रतिस्पर्ध्याने दिलेलं प्रशस्तिपत्र कामी आलं. बाळू आत आला.

आत म्हणजे किती आत? मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत होते. चहाची वेळ झाली की इतरांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा, आणि बाळूला बाहेर, फेकून देता येईल अशा मातीच्या बोळक्यातून. हात-तोंड धुवायचं तर मैदानाच्या कोपऱ्यात जायचं. त्याच्याच समाजातला नोकर पाणी घेऊन येणार. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागा वेगळी.

आज हे वाचताना तुम्हाला संताप येईल, यायलाच हवा. त्याबरोबर हेही बघा, की त्याच्या बोलिंगवर सामने जिंकणाऱ्या सुशिक्षित लोकांना यात विसंगत काही वाटत नव्हतं. विकेट चालत होती, कप चालत नव्हता.

बाळूने यावर काय उत्तर दिलं? विकेटी. साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध सामना होता. फिरकीला मदत मिळू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टी आठवडाभर रोलरने दाबून ठेवल्याचं सांगतात. रोलरची भाषा बाळूपेक्षा जास्त कुणाला कळणार? त्याने सात गडी टिपले. पुण्यात त्याचं कौतुक झालं, न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाने त्याला हार घातला. आणि हळूहळू, एकेका सामन्यागणिक, कप-ताटाचे नियम सैल होऊ लागले.

मुंबई आणि १९०६

शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईला गेला. रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळण्याची संधीही. तिथेही आधी कुरकुर झालीच. पण संघाच्या कर्णधाराने पाठराखण केली आणि बाळू मेंबरांच्या पंगतीत बसला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. विजय १०९ धावांनी. संघात बाळू होता आणि शिवरामही. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर झाला. पण वर्तमानपत्रांत चर्चा आणखी एका गोष्टीची झाली. हिंदूंना जिंकायचं असेल तर जात बाजूला ठेवावी लागते, हे धावफलकाने सिद्ध केलं होतं.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळू मात्र पस्तिशीत, घरापासून हजारो मैलांवर, सगळे सामने धरून शंभराहून जास्त बळी घेऊन परतला. मुंबईत दलित समाजाने त्याचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही या माणसाचा मोठा अभिमान होता. त्या काळी देशाच्या पातळीवर नाव मिळवलेला त्यांच्या समाजातला दुसरा कोण होता?

शेवटचं फाटक

बोलर म्हणून तो पहिला. कर्णधार म्हणून मात्र त्याचं नाव दर वर्षी मागे पडायचं. अनुभव त्याचा, विकेटी त्याच्या, नाणेफेकीला जाणार दुसराच. कर्णधार एम. डी. पै यांनी तर जाहीर समारंभात कबूल केलं होतं, की हा मान खरा बाळूचा.

१९२० मध्ये ठिणगी पडली. पै आजारी पडले. बाळूला संघातून वगळलं होतं, आणि त्याच्या भावांपैकी विठ्ठलचा हक्क असतानाही कर्णधारपद दुसरीकडे गेलं. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतलं आणि जातीमुळे डावललं जातंय हे लोकांसमोर उघड मांडलं. भावांनी इतकी वर्षं चेंडूने उत्तर दिलं होतं. या वेळी त्यांनी खेळायलाच नकार दिला. परिणाम झाला. पुढच्या सामन्यात बाळू परत आला, उपकर्णधार म्हणून, आणि पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही वेळ संघ त्याच्या इशाऱ्यावर हलला. तेवढंच. पूर्ण कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही.

ते मिळालं विठ्ठलला, १९२३ मध्ये. त्याच्या हाताखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतलं. ज्या घरातल्या माणसाचा कप वेगळा ठेवला जायचा, त्याच घरातला माणूस.

तुम्हाला वाटेल, ही भारतापुरती गोष्ट आहे. तसं नाही. दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाचा पापवा सेवगोलम हा गोल्फर कॅडी म्हणून वाढला. १९६३ मध्ये दरबानला त्याने नाताळ ओपन जिंकली. पाऊस आला, गोरे खेळाडू क्लबहाऊसमध्ये गेले. वर्णभेदामुळे विजेत्याला आत प्रवेश नव्हता, म्हणून करंडक त्याला बाहेर, पावसात भिजत घ्यावा लागला. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल या जगप्रसिद्ध गोल्फ क्लबला पहिला कृष्णवर्णीय मेंबर १९९० मध्ये मिळाला आणि पहिल्या महिला मेंबर २०१२ मध्ये.

क्रिकेटनंतर

खेळणं थांबल्यावर बाळू राजकारणात आला. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवडा तुरुंगात गांधीजींचं उपोषण सुरू होतं. त्यातून झालेल्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्धच उभं केलं. एकेकाळी ज्यांना त्याचा अभिमान वाटायचा त्यांच्याच समोर तो उभा होता. दोघांमध्ये मतभेद खरे होते. वाट कुठली, स्वतंत्र संघर्षाची की सामावून घेण्याची, हा प्रश्न होता. आंबेडकरांना १३,२४५ मतं मिळाली, बाळूला ११,२२५. तो हरला, पण लाजेने नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्याचं निधन झालं. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. हे आकडे आजही कुठल्याही फिरकी बोलरने हेवा करावा असे आहेत. त्याला कसोटी खेळायला मिळाली नाही, कारण भारताची पहिली कसोटीच १९३२ ची.

बाळूची गोष्ट मेहनत केली की सगळं मिळतं अशी सांगायचा मोह होतो. ती तशी नाही. मेहनतीने त्याला नेटमध्ये नेलं, ग्रेगच्या शब्दाने संघात. चहाच्या टेबलावर बसायला कर्णधाराची पाठराखण लागली, आणि कर्णधारपदाचा विषय भावांनी संघ सोडल्यावरच हलला. कौशल्य त्याचं होतं. कडी दर वेळी कुणीतरी आतून काढावी लागली, नाहीतर बाहेरून दार ठोठवावं लागलं.

आता तुमच्याकडे वळू. कॉलेजच्या टीममध्ये, क्लबमध्ये, फेस्टच्या कमिटीत तुम्ही आतले असाल, तर निवडीच्या दिवशी एकदा बाहेर नजर टाका. नेट बांधायला, पाणी द्यायला, चेंडू आणून द्यायला कोण उभं आहे? त्याच्या हातात कधी बॅट दिलीय का? नसेल, तर उद्याच्या स्लॉटला एक ओव्हर त्याला खेळू द्या. आणि तुम्हीच बाहेर उभे असाल, तर दोन्ही गोष्टी शिकून ठेवा: बाळूसारखं टप्प्यावर चेंडू टाकणं, आणि विठ्ठल-शिवरामसारखं वेळ आल्यावर नाही म्हणणं.