सलीम अली : पाखरांसमोर सब्र करणारा माणूस

सुट्टीच्या दिवशी हल्ली आपली मुलंही मोठी लेन्स लावून पक्ष्यांचे फोटो काढायला जातात. मग घरात प्रश्न निघतो, कॅमेऱ्याच्या ‘खट्’ आवाजाने पाखरू घाबरत असेल का? याचं उत्तर मरहूम डॉ. सलीम अली यांच्या जिंदगीत सापडतं.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा घराण्यात त्यांचा जन्म झाला. आई-वडील फार लवकर गेले. मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात त्यांना वाढवलं. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशी चिमणी खाणं जायज आहे का, अशी शंका आली म्हणून ते मामूंकडे गेले. मामूंनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्डसाहेबांनी कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि मुलाचं आयुष्यच बदललं.

पदवी नसल्याने नोकरीची ओढाताण झाली. जर्मनीत शिकून परतल्यावर हाताला काम नव्हतं. १९३० साली ते पत्नी तहमीना यांच्यासोबत अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. कापडाच्या आडोशामागे ते तासन्‌तास न हलता बसत. त्यातूनच जगाला कळलं, की नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते पसंत करते आणि मग तो दुसरं घरटं विणायला घेतो.

पुढे सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक लोक वान थो त्यांचे जिवलग दोस्त झाले. ते पक्ष्यांचे नामवंत फोटोग्राफर. तेही आडोशाला बसूनच फोटो काढत. कारण साधं आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा वर-खाली आपटतो, म्हणून खट् वाजतं. जवळून अचानक वाजलं तर पाखरू दचकतं, मान वर करतं. पण त्या आवाजाने काही बिघडत नाही असं दिसलं, की बरेचदा त्याला सवय होते. त्याला जास्त भीती असते माणसाच्या आकाराची, हालचालीची आणि जवळ येण्याची. मादी घरट्यावरून उठली तर अंडी उन्हात तापतात, कावळाही टपलेला असतो.

सलीम अलींनी अभ्यासासाठी पक्षी मारून नमुनेही जमवले, हे लपवायचं कारण नाही. त्या काळी शास्त्राची रीतच ती होती. पण भरतपूरचं पाणथळ रान वाचावं म्हणून तेच झटले. १९४१ च्या त्यांच्या पुस्तकाने साध्या माणसाला पक्षी ओळखायला शिकवलं. १९७६ साली पद्मविभूषण मिळालं आणि १९८७ साली ते आपल्यातून गेले.

तेव्हा मुलांना एवढंच सांगा. कॅमेऱ्यात बिनआवाजाचं शटर असेल तर जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर घरट्याजवळ जाऊ नका. पाखरू खाणं थांबवून तुमच्याकडे बघू लागलं तर दोन पावलं मागे या. फोटो उद्याही मिळेल. सोडलेलं घरटं मात्र पुन्हा भरेलच असं नाही.