माडगूळचे अण्णा

स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेत आपल्या आठवणी असतात, दिवंगत गुरुजनांना आणि सवंगड्यांना श्रद्धांजली असते. या वेळी आपल्या मुलखातल्या एका मोठ्या माणसाचे छोटेसे चरित्रही असावे असे ठरले, तेव्हा माझ्यासमोर पहिले नाव आले ते ग. दि. माडगूळकरांचे. ते आपल्या शाळेचे विद्यार्थी नव्हते. पण बालवर्गात आपण मोर होऊन नाचलो ते त्यांच्या गाण्यावर, मामाच्या गावाला नेणारी झुकझुक गाडीही त्यांचीच आणि गॅदरिंगला कोणी ना कोणी गीतरामायणातले पद म्हणायचेच. आपल्यापैकी अनेकांना कवीचे नाव फार पुढे कळले, गाणी मात्र आधीच पाठ होती.

आपल्या महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तिकडे पूर्वेला माणदेशात पाचशे मिलिमीटरही धड पडत नाही. त्या कोरड्या मुलखातल्या शेटफळे गावी १ ऑक्टोबर १९१९ रोजी गजानन दिगंबर माडगूळकरांचा जन्म झाला. आटपाडी-माडगूळचा हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. संस्थान विलीन झाल्यावर तो १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे जुन्या हिशेबाने अण्णा आपले शेजारीच.

त्यांच्या जन्माची हकिकत पुष्कळांनी सांगितली आहे. मूल रडेना, हालेना. ते गेले असे समजून पुरायची तयारी झाली. तेवढ्यात सुईणीने बेंबीजवळ निखारा धरला आणि पोराने टाहो फोडला. पुढे सबंध महाराष्ट्राला हसवणाऱ्या आणि रडवणाऱ्या माणसाचा पहिला आवाज निघाला तो असा, चटका बसल्यावर.

वडील दिगंबरपंत औंध संस्थानात कारकून. पगार बेताचा, खाणारी तोंडे पुष्कळ. आई बनुताई हिमतीच्या. ओव्या, कहाण्या, म्हणी यांचा साठा त्यांच्या जिभेवर होता. वडिलांच्या बदल्यांमागे अण्णांचे शिक्षण आटपाडी, कुंडल, औंध असे फिरत झाले. औंधला असताना नाटके, नकला आणि कविता यांत ते पुढे होते. गणितात मात्र मागे, इतके मागे की त्या विषयाने मॅट्रिकला दगा दिला आणि शिक्षण तिथेच थांबले.

गुरुजनहो, हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहिले आहे. घरी अडचण, हाती प्रमाणपत्र नाही आणि थोरला मुलगा म्हणून अपेक्षा तर मोठी. अशा वेळी पोराच्या चेहऱ्यावरचे हसू पहिल्यांदा जाते. अण्णांचे गेले नाही. नकलांच्या आणि शब्दांच्या भांडवलावर ते कोल्हापूरला चित्रपटांच्या दुनियेत गेले. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात लहानशी भूमिका मिळाली. वि. स. खांडेकरांकडे त्यांनी लेखनिकाचे काम केले. शाळेत जे राहून गेले, ते त्यांनी तिथे ऐकून, लिहून आणि वाचून भरून काढले. १९४२ च्या ‘पहिला पाळणा’साठी गीते लिहिली आणि त्याच सुमारास संसारही मांडला. कोल्हापूरच्या पाटणकरांची पद्मा माडगूळकरांच्या घरी येऊन विद्या झाली. उत्पन्न अनियमित, आल्यागेल्याचा राबता नियमित, असा तो संसार विद्याताईंनी कसा निभावला हे त्यांनी पुढे ‘आकाशाशी जडले नाते’ या आत्मचरित्रात सांगितले आहे.

१९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने अण्णांचे नाव घराघरात गेले. आता बरे दिवस येणार असे वाटत असतानाच १९४८ साल उजाडले. गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत माडगूळचे राहते घर जळाले. धाकटे बंधू व्यंकटेश, म्हणजे तात्या, यांनी त्या दिवसांवर ‘वावटळ’ ही कादंबरी लिहिली. अण्णांच्या जागी दुसरा कोणी असता तर गावाचे नावही पुन्हा घेतले नसते. अण्णांनी गाव सोडले नाही. शेतावर एक साधे पत्र्याचे छप्पर होते. गावकरी त्याला बामणाचा पत्रा म्हणत. पुण्यात नाव, पैसा, मोठे घर सगळे झाल्यावरही अण्णा लिहायला म्हणून त्या पत्र्याखाली जाऊन राहत आणि गावच्या माणसांत बसून गप्पा मारत.

घर जळाल्यावर चारच वर्षांनी, १९५२ मध्ये, ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ हे दोन चित्रपट आले. राजा परांजपे, सुधीर फडके आणि माडगूळकर या त्रिकुटाने महाराष्ट्राला पोट धरून हसायला लावले. १९५४ च्या ‘ऊनपाऊस’मध्ये त्यांनी एका शाळामास्तराची गोष्ट सांगितली. निवृत्तीनंतर म्हातारा-म्हातारीची मुलांमध्ये वाटणी होते, ती पाहून तेव्हा चित्रपटगृहात पदर डोळ्यांना लागत. आपल्यापैकी जे आज निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी तो चित्रपट जरूर पाहावा.

व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ सर्वांना माहीत आहे. त्याची कथा अण्णांची, आणि तिचे मूळ आपल्याच मुलखात आहे. औंधच्या राजांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची भिंती नसलेली कैद्यांची वसाहत काढली होती. खुनाची शिक्षा भोगणाऱ्यांनाही शेती करून माणसांत राहू द्यावे, हा तिचा विचार. आपल्या मातीत जे घडले, तीच गोष्ट अण्णांनी जगापुढे मांडली. स्वतःचे घर जळालेल्या माणसाने ती लिहावी, याला अर्थ आहे.

पुण्याला वाकडेवाडीत त्यांनी घर घेतले, ‘पंचवटी’. तीन मुलगे, चार मुली, भावंडे, आई आणि सदैव कोणी ना कोणी पाहुणा. गीतरामायण याच घरात लिहिले गेले. १ एप्रिल १९५५, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रसारित झाले. दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर चाललेल्या या मालिकेत ५६ गीते झाली. ते वर्ष अधिक मासाचे होते, म्हणून बावन्नावर चार. एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. प्रसारणाच्या तोंडावर पहिल्या गीताचा कागद फडक्यांकडून हरवला. अण्णा आधी चिडले, मग एका खोलीत बसले आणि थोड्याच वेळात गीत पुन्हा लिहून हातात दिले. गणिताच्या पेपरात आठवले नसेल, इथे सगळे आठवले!

मान पुष्कळ मिळाले. सुमारे बारा वर्षे विधान परिषदेचे सदस्यत्व, १९६९ मध्ये पद्मश्री, १९७३ मध्ये यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. दहा वर्षांनी अंबाजोगाईला तात्या अध्यक्ष झाले आणि १९८४ मध्ये जळगावला आटपाडीचेच शंकरराव खरात. दुष्काळी म्हणून हिणवल्या गेलेल्या एका तालुक्याने तीन अध्यक्ष दिले.

१४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात अण्णा गेले, तेव्हा वय अवघे ५८. दीडशेहून अधिक मराठी चित्रपट नावावर होते. पण आठवण काढणारे चित्रपटांची संख्या सांगत बसत नाहीत. ते सांगतात त्यांची नक्कल, पंक्तीतला आग्रह, मैफलीतला खळखळाट. हसरा माणूस गेला की आपण म्हणतो, त्याला कसली काळजी नव्हती. अण्णांना सगळ्या काळज्या होत्या. उपासमार पाहिली, नापास झाले, घर जळाले. घरच्या माणसांना आणि वाचणाऱ्या-ऐकणाऱ्यांना त्यांनी त्यातला कडवटपणा तेवढा वाढला नाही.

आपल्या तुकडीतही मॅट्रिकला अडकलेले मित्र होते. कोणी बाजारात दुकान टाकले, कोणी टॅक्सी चालवली, कोणी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत राबून भावंडांची लग्ने केली. त्यातले काही आता नाहीत. निकालाच्या यादीत त्यांची नावे लागली नाहीत, म्हणून सत्काराच्या यादीतही येत नाहीत. मेळाव्याच्या दिवशी दिवंगतांची नावे वाचली जातील, तेव्हा त्यांचीही वाचावीत, एवढी संयोजकांना विनंती. आणि नंतर कोणीतरी अण्णांचे एखादे गाणे म्हणावे. पाठ तर सगळ्यांनाच आहे.