डॉ. सलीम अली

मुंबईच्या उपनगरांत घाटकोपरजवळ चेंबूर आहे. आज तेथे इमारतींची दाटी आहे. पण सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी ते झाडीत दडलेले एक लहानसे खेडे होते. खेतवाडीतील एक मोठे कुटुंब सुट्टीत तेथे राहावयास जाई. त्या कुटुंबातील एक मुलगा पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या दयाळ पक्ष्याचे गाणे ऐकत असे. भारतातील पक्ष्यांचा थोर अभ्यासक म्हणून तो पुढे जगभर प्रसिद्ध झाला. त्याचे नाव सलीम अली.

सलीमचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. तो भावंडांत सर्वांत धाकटा. तो एक वर्षाचा असताना वडील वारले आणि तीन वर्षांचा असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी त्याचा मायेने सांभाळ केला. मामांना शिकारीचा नाद होता. त्यामुळे सलीमच्या हातीही लहानपणीच छऱ्यांची बंदूक आली.

दहा वर्षांचा असताना एके दिवशी त्याने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. त्याने मामांना विचारले. परंतु त्यांनाही उत्तर देता येईना. मामा ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे सभासद होते. त्यांनी भाच्याला संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे पाठविले. तो भीत भीतच गेला. मिलर्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, पेंढा भरून ठेवलेले नाना जातींचे पक्षी दाखविले आणि वाचावयास पुस्तकेही दिली. सलीमपुढे एक नवे जगच उघडले.

पाहिलेले लिहून ठेवण्याची सवय त्याला याच वयात लागली. एका घरट्यात चिमणी अंडी उबवीत होती व नर बाहेर पहारा करीत होता. सलीमने तो नर मारला, तर थोड्याच वेळात दुसरा नर तेथे येऊन बसला. सात दिवसांत असे आठ नर त्याने टिपले व तशी नोंद केली. त्या पोरवयातील खेळात क्रौर्य होते, हे खरे. पण ती नोंद अचूक होती. पुढे अनेक वर्षांनी ती छापली गेली.

सलीम यांचे कॉलेजमध्ये मन रमले नाही. घरच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले. तेथेही त्यांचे लक्ष रानातील पाखरांकडेच असे. १९१७ मध्ये ते मुंबईस परतले. बद्रुद्दीन तय्यबजींसारखे नामांकित बॅरिस्टर ज्या घराण्यात झाले, त्यातील या तरुणाने व्यापारी कायदा व हिशेब यांचे शिक्षण सुरू केले. परंतु सेंट झेवियर कॉलेजातील फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा ओढा ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. तेव्हा एका कॉलेजात सकाळी कायदा आणि दुसऱ्या कॉलेजात प्राणिशास्त्र, असा त्यांचा दुहेरी अभ्यास चालू झाला. १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात लोकांना माहिती सांगण्याचे काम मिळाले. पुढे ते जर्मनीस गेले आणि प्रा. श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये ते परत आले, तो पैशाअभावी ती नोकरीच रद्द झालेली! आता काय करावे? हिशेबनिसाची नोकरी धरावी, तर पक्ष्यांचा अभ्यास सुटणार. तेहमिना यांनी थोडक्यात संसार करण्याची तयारी दाखविली आणि पतिपत्नी अलिबागजवळील किहीम येथे राहावयास गेली.

तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली तासन् तास घरट्यांजवळ बसून टिपणे करीत. सुगरण हे नाव स्त्रीलिंगी असले, तरी घरटे विणतो तो नर. घरटे अर्धे झाले की माद्या ते पाहावयास येतात. एखादीस ते पसंत पडले, तर ती त्यात राहते. मग नर ते पूर्ण करतो आणि दुसरे विणावयास घेतो. हा क्रम त्यांनी प्रत्यक्ष पाहून नोंदविला. नोकरी गेल्यामुळे मिळालेल्या रिकाम्या दिवसांत त्यांचे नाव शास्त्रज्ञांत गाजले.

यानंतर त्यांनी हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर इत्यादी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. ते मेहनताना घेत नसत. केवळ खर्च मिळाला की पुरे. तेहमिना त्यांच्याबरोबर रानावनांत हिंडत. १९३९ मध्ये त्या वारल्या. हा आघात फार मोठा होता. तरी त्यांनी काम सोडले नाही. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले आणि सामान्य माणसालाही पक्षी ओळखता येऊ लागले. पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ रिप्ली यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा प्रचंड ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात सिद्ध केला.

अभ्यासासाठी त्यांनाही पक्षी मारून नमुने गोळा करावे लागत. पण गरजेवाचून होणाऱ्या संहाराचा त्यांना तिटकारा होता. भरतपूरचे पाणथळ आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचविण्यासाठी त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. एका आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची रक्कम त्यांनी सोसायटीच्या निसर्गरक्षणाच्या कार्यास दिली. ज्यांच्याजवळ पदवी नव्हती, त्यांना विद्यापीठांनी आपण होऊन डॉक्टर ही सन्मान्य पदवी दिली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याचा शेवटचा दिवस हा सलीम अलींचा जन्मदिवस होय. माहीत नाही ते विचारावे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि पाहिले तेवढेच लिहावे, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम होता. एक वही, एक पेन्सिल आणि थोडा धीर एवढे जवळ असले, की कोणत्याही मुलाला तो आचरता येईल.