यंत्राला भाषांतर शिकविणाऱ्या ग्रेस हॉपर

हवामानशास्त्राचा एखादा विद्यार्थी आज संगणकासमोर बसतो आणि 'डब्ल्यूआरएफ' या जगभर वापरल्या जाणाऱ्या हवामान-प्रतिमानाची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, उतरवून घेतो. पुढे त्याला प्रामुख्याने दोन आज्ञा द्याव्या लागतात. पहिली 'कॉन्फिगर'. आपले यंत्र कोणते, त्यावर कम्पायलर कोणता आणि आवश्यक त्या लायब्ररी कोठे आहेत, याची जुळणी तिच्यामुळे होते. दुसरी 'कम्पाइल'. ती दिली की फोरट्रान भाषेतील लाखो ओळींचे रूपांतर यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत होऊ लागते. एखादी लायब्ररी सापडली नाही, तर पडद्यावर चुकांची रांग उभी राहते आणि दिवस वाया जातो. वैतागलेल्या त्या विद्यार्थ्याला सहसा ठाऊक नसते, की हे सारे काम एके काळी माणसे वहीतून उतरवून, हाताने करीत असत. ते यंत्रावरच सोपविता येईल, हा विचार हट्टाने मांडणाऱ्यांत अग्रभागी होत्या गणिताच्या एक प्राध्यापिका आणि अमेरिकी नौदलातील अधिकारी, डॉ. ग्रेस मरे हॉपर.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. आईला गणिताची आवड होती आणि पणजोबा नौदलात रिअर ॲडमिरल होते. वयाच्या सातव्या वर्षी गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी ग्रेसने घरातील एकामागून एक सात घड्याळे उघडून ठेवली. आईने त्यानंतर एकाच घड्याळावर प्रयोग करण्याची परवानगी दिली. व्हासार महाविद्यालयातून १९२८ साली पदवी घेतल्यावर त्यांनी येल विद्यापीठातून १९३४ साली गणितात डॉक्टरेट मिळविली. व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह १९३० साली झाला होता. व्हासारमध्येच त्या अध्यापन करू लागल्या. स्थिर नोकरी आणि प्रतिष्ठा लाभलेले हे आयुष्य असेच सरले असते, तर त्यांचे नाव फार थोड्यांना माहीत झाले असते.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. हॉपर यांनी नौदलात जाण्याचे ठरविले, परंतु वय जास्त आणि वजन कमी, या कारणांनी त्यांना नकार मिळाला. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. वजनाच्या अटीतून सूट मिळवून १९४३च्या अखेरीस त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि जुलै १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली रुजू झाल्या. तेथे त्यांची वाट पाहत होते 'मार्क-१' हे ५१ फूट लांब आणि सुमारे पाच टन वजनाचे गणनयंत्र. सेकंदाला तीन बेरजा आणि एका गुणाकाराला सुमारे सहा सेकंद, असा त्याचा वेग होता. कागदी फितीवर भोके पाडून त्याला आज्ञा द्याव्या लागत.

युद्धकाळात हे यंत्र रात्रंदिवस चालत असे. १९४४ सालीच जॉन व्हॉन नॉयमन एक अवघड प्रश्न घेऊन तेथे आले. चोहोबाजूंनी आत कोसळणाऱ्या स्फोटलहरीचे गणित त्यांना हवे होते. प्रत्यक्ष प्रयोगाऐवजी समीकरणे पायरीपायरीने सोडवून घटनेचे प्रतिरूप उभे करायचे, म्हणजे आजच्या भाषेत सिम्युलेशन करायचे, असे ते काम होते. त्याचा संबंध अणुबॉम्बशी आहे, हे तेव्हा हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सांगण्यात आले नव्हते. उत्तर चुकले तर चूक नेमकी कोठे झाली, हे शोधण्यात दिवसच्या दिवस जात.

याच काळात हॉपर यांना पुढे आयुष्यभर पुरलेली एक गोष्ट जाणवली. प्रत्येक नव्या गणितात तेच तुकडे पुन:पुन्हा लागत. कोठे साइनचे मूल्य, कोठे वर्गमूळ, कोठे घातांक. सहकाऱ्यांनी हे तपासलेले तुकडे वह्यांत टिपून ठेवले होते आणि गरज पडली की ते एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. मात्र उतरविताना चुका होत आणि तुकडा नव्या जागी बसविताना पत्त्यांचे आकडे बदलावे लागत, त्या बेरजांतही चुका होत. पुढे 'युनिव्हॅक' यंत्रावर काम करतानाही तोच अनुभव आला. मोकळ्या जागेसाठी लिहिलेला डेल्टा घाईत चारच्या आकड्यासारखा दिसे आणि बी हे अक्षर तेरा होऊन बसे. विद्वान माणसांना नक्कल करणे आणि बेरीज करणे ही साधी कामेच बिनचूक जमत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ती कामे चोख करणारे यंत्र तर समोरच उभे होते!

मधली वर्षे सोपी नव्हती. १९४५ साली त्यांचा घटस्फोट झाला. हार्वर्डमध्ये कायम नेमणूक मिळण्याची आशा उरली नाही. नैराश्य आणि मद्यपान यांनी त्यांना ग्रासले होते. मित्रांनी सावरले आणि १९४९ साली त्या फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली या नव्या कंपनीत रुजू झाल्या. १९५० साली ही कंपनी रेमिंग्टन रँड या उद्योगसमूहाकडे गेली. तेथेच १९५१-५२ मध्ये त्यांच्या हातून 'ए-०' ही प्रणाली साकारली.

या प्रणालीची कल्पना सरळ होती. तपासून पक्के केलेले तुकडे चुंबकीय फितीवर साठवायचे आणि प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. गणितज्ञाने फक्त क्रमांकांची यादी लिहायची. यंत्राने ते तुकडे फितीवरून शोधावेत, त्यांचे पत्ते जुळवावेत आणि एकसंध आज्ञावली बांधून द्यावी. संपादक जसा निवडक साहित्य एकत्र करून ग्रंथ सिद्ध करतो, तसे हे संकलन होते. म्हणूनच त्यांनी तिला कम्पायलर हे नाव दिले आणि मराठीतील संकलक हा प्रतिशब्द मूळ अर्थाला धरूनच आहे. एक अडचण मात्र राहिली. आज्ञावली बांधली जात असताना, अद्याप न आलेल्या पुढच्या भागाकडे उडी कशी मारायची? त्यांना महाविद्यालयातील बास्केटबॉल आठवला. चेंडू तात्पुरता सहकारी खेळाडूकडे द्यायचा आणि पुढे धावत जाऊन तो परत घ्यायचा. त्याच धर्तीवर स्मृतीच्या एका कोपऱ्यात उडीचा निरोप ठेवायचा आणि पुढचा भाग आला की तेथून खरी उडी जोडायची, असा तोडगा त्यांनी काढला.

मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत त्यांनी हे काम मांडले. यंत्र अंकगणित करू शकते, आज्ञावली लिहू शकत नाही, हा तेव्हाचा दृढ समज असल्याने बऱ्याच काळापर्यंत कोणी विश्वास ठेवला नाही. आजच्या काटेकोर व्याख्येनुसार 'ए-०' पूर्ण कम्पायलर नव्हे, तर लिंकर आणि लोडर यांच्या जवळ जाते, असे अभ्यासक म्हणतात. हा आक्षेप योग्यच आहे. तरीही विद्यार्थ्याला छळणारी लायब्ररीची जुळणी याच कामाची वारसदार आहे. १९५३ साली आलेली 'ए-२' ही पुढची आवृत्ती कंपनीने ग्राहकांना मूळ आज्ञावलीसह दिली आणि केलेल्या सुधारणा परत कळविण्याचे आवाहन केले. मुक्त सॉफ्टवेअरच्या पहिल्या उदाहरणांत तिची गणना होते.

वैज्ञानिक गणनेसाठी जॉन बॅकस यांच्या चमूने १९५७ साली फोरट्रान आणली. हॉपर यांचे लक्ष मात्र गणित न जाणणाऱ्या सामान्य वापरकर्त्याकडे होते. इंग्रजी शब्दांनी आज्ञा देता येणारी 'फ्लो-मॅटिक' त्यांनी घडविली. फ्रेंच आणि जर्मन शब्दांनीही तेच काम होते, हे त्यांनी दाखविले, तेव्हा फिलाडेल्फियात बनलेल्या यंत्राला परक्या भाषा कशा कळतील, असा प्रश्न व्यवस्थापनाला पडला! 'फ्लो-मॅटिक'च्या पायावर १९५९ साली सुरू झालेल्या सामूहिक प्रयत्नांतून कोबोल जन्मली. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली 'युनिव्हॅक-२' आणि 'आरसीए ५०१' या दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालली. यंत्र मोडीत निघाले तरी त्यासाठी लिहिलेली आज्ञावली मरू नये, ही त्यांची तळमळ त्या दिवशी सार्थ ठरली.

नौदलाने १९६६च्या अखेरीस त्यांना निवृत्त केले आणि १९६७ साली सहा महिन्यांसाठी परत बोलावले. त्या सहा महिन्यांची एकोणीस वर्षे झाली. प्रत्येक कंपनीचा कम्पायलर ठरलेल्या मानकाप्रमाणे वागतो की नाही, हे तपासणाऱ्या चाचण्या त्यांच्या गटाने तयार केल्या. व्याख्यानांत त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारेचे तुकडे वाटत. प्रकाश एका नॅनोसेकंदात तेवढेच अंतर कापतो. त्यांच्या कार्यालयातील घड्याळ उलट्या दिशेने फिरे. पूर्वापार चालत आले एवढ्याच कारणाने काही करू नये, याची ती आठवण होती. १४ ऑगस्ट १९८६ रोजी वयाच्या ७९व्या वर्षी त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे एका युद्धनौकेला त्यांचे नाव मिळाले. कॅलिफोर्नियातील एका वैज्ञानिक महासंगणकालाही ते देण्यात आले. पण त्यांचे खरे स्मारक अधिक साधे आहे. पुण्यातील एखाद्या प्रयोगशाळेत मान्सूनच्या प्रतिमानाची आज्ञावली नव्या यंत्रावर पुन्हा कम्पाइल होते आणि जुन्या यंत्रावर वर्षानुवर्षे केलेले काम वाया जात नाही, तेव्हा हॉपर यांच्या हट्टाचेच फळ पदरात पडत असते.