दिव्यापलीकडील नाइटिंगेलबाई

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हणताच हाती दिवा घेऊन रात्री रुग्णांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका डोळ्यांपुढे उभी राहते. वर्गात हे चरित्र सांगताना आम्हीही पुष्कळ वर्षे त्या दिव्यापाशीच थांबत आलो. बाईंनी मांडलेल्या आकड्यांकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका संपन्न इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गणिताची त्यांना विलक्षण आवड. घरच्यांचा विरोध पत्करून त्या शुश्रूषेकडे वळल्या आणि क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. त्यांनी अन्नवस्त्राची व्यवस्था लावली; तरी त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ दगावत होते! इमारतीखालची गटारे तुंबली होती. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य-आयोगाने ती साफ करविली, हवा खेळती केली. जूनमध्ये हे प्रमाण २ च्या आसपास उतरले.

स्वदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साह्याने बाईंनी सारा हिशेब मांडला. तोफांपेक्षा हगवण, पटकी व ज्वर यांनीच कितीतरी अधिक सैनिक मारले होते. आणि ज्या रुग्णालयाने बाईंना कीर्ती दिली, तेथेच मृत्यूचे थैमान मोठे होते. हे झाकून ठेवणे किती सोपे होते! पण स्कुटारीचे आकडे त्यांनी वगळले नाहीत. उलट, मृत्यूंची कारणे रंगीत चक्राकार आकृत्यांनी दाखविली. रुक्ष तक्ते थोरामोठ्यांच्या गळी उतरत नाहीत, हे त्या ओळखून होत्या. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना आपली पहिली स्त्री-सदस्य करून घेतले.

हिंदुस्थानात बाईंनी कधी पाऊल ठेवले नाही. तरीही १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगासाठी, स्वतः आजारी असता, त्यांनी येथील छावण्यांकडे छापील प्रश्न धाडले : पाणी कोठले, सांडपाण्याची वाट काय, बराकी कशा? उत्तरांचे गठ्ठेच्या गठ्ठे त्यांच्या घरी येऊन पडले. १८६३ च्या अहवालात गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ निघाला. सुधारणांनंतर, १८७३ मध्ये, तो १८ वर आल्याचे त्यांनी नमूद केले. भोवतालची वस्ती निरोगी नसेल तर छावणीही निरोगी राहणार नाही, हे ध्यानी येताच त्यांची दृष्टी येथील खेड्यांकडे वळली.

सगळेच साधले असे नाही. इंग्लंडच्या १८६१ च्या शिरगणतीत घरोघरचे आजारी आणि घरांची स्थिती नोंदवावी, ही त्यांची मागणी सरकारने फेटाळली.

१३ ऑगस्ट १९१० रोजी त्या लंडनमध्ये वारल्या. हॅम्पशर परगण्यातील त्यांच्या कुटुंबाच्या थडग्यावर त्यांचे पूर्ण नावसुद्धा नाही; केवळ दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा कोरलेल्या आहेत.