हुकूमतपनाह रामचंद्रपंत अमात्य

करवीर परिसरात येणाऱ्या भाविकांस रामचंद्रपंत अमात्य बावडेकर हे नाव थोर मुत्सद्दी म्हणून परिचित असते. वृक्षांविषयी त्यांनी घालून दिलेले दंडक मात्र फारसे सांगितले जात नाहीत. म्हणून ते येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

पंतांचे वडील निळो सोनदेव हे शिवछत्रपतींचे मुजुमदार. त्यांच्या पश्चात हे पद पंतांकडे आले आणि इ.स. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांत ते अमात्य झाले. इ.स. १६८९ मध्ये राजाराम महाराजांना जिंजीस जावे लागले, तेव्हा ‘हुकूमतपनाह’ हा किताब देऊन महाराष्ट्राचा कारभार पंतांवर सोपविण्यात आला. मोगलांशी चाललेल्या त्या दीर्घ झुंजीत गड, फौजा व दाणागोटा यांची चिंता त्यांनी वाहिली.

पुढे इ.स. १७१५ मध्ये कोल्हापूरचे छत्रपती संभाजी महाराज यांच्या कारकिर्दीत पंतांनी ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले. श्रीअंबाबाईच्या मूर्तीची मंदिरात पुनःस्थापना झाली, तीही याच वर्षी. शिवछत्रपतींची राजनीती त्यात ग्रथित असल्यामुळे पुष्कळ लोक ते महाराजांचेच पत्र समजतात. हा गैरसमज पंतांवर थोडा अन्यायच करतो.

आरमारास सागवानासारखे लाकूड हवेच. ते राज्यातील अरण्यांतून हुजूरच्या परवानगीने तोडावे व अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे, असे पंतांनी ठरवून दिले. आंबा-फणसाचे लाकूडही जहाजांस उपयुक्त, हे ते जाणत होते. तरीही त्या झाडांस हात लावण्यास त्यांनी सक्त मनाई केली. रयतेने ती वर्षानुवर्षे पोटच्या पोरासारखी जोपासलेली असतात, आणि तिला दुखवून साधलेले कार्य तडीस जात नाही, हे त्याचे कारण. झाड अगदीच जीर्ण झालेले असेल, तर धन्यास मोल देऊन, त्याच्या राजीखुशीने न्यावे. बळजबरी मुळीच करू नये. सतत युद्धात गुंतलेल्या राज्याच्या कारभाऱ्याने आपल्याच हातांना असा लगाम घालावा, याचे नवल वाटते.

गडांवर आंबा, वड, पिंपळ, चिंच, लिंबू, तसेच फुलझाडे व वेली लावून जतन कराव्यात, गडाच्या वाटेवरील दाट झाडी तोडू देऊ नये, अशीही ताकीद आज्ञापत्रात आहे.

इ.स. १७१६ च्या सुमारास पंत निवर्तले. पन्हाळगडावर त्यांची समाधी आहे. श्रीजोतिबाच्या डोंगरापासून गड जवळच असल्याने दर्शनानंतर तेथे जाता येते.